उतरत्या खांद्याचा कोट

टेपकाकांना सुपरवायझर करणार, ही बातमी कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. फक्त मालकांना ती कुणी सांगितली नव्हती.

कारखाना कपड्यांचा. म्हणजे फॅशनबिशनचे कपडे नव्हेत. दवाखान्यातले डगले, हॉटेलातल्या वेटरांचे कोट, शाळेचे गणवेश, रखवालदारांच्या पँटी, असले. घालणाऱ्याकडे कुणी वळूनही बघू नये अशा बेतानं शिवलेले. लांबलचक हॉल, त्यात शिलाई मशीनच्या रांगा, एका टोकाला कटिंगचं टेबल आणि दुसऱ्या टोकाला सुपरवायझरची काचेची केबिन. टेबलापाशी टेपकाका उभे असत आणि केबिनमध्ये खुर्ची असे. मधलं अंतर तसं हाकेचंच, पण ते ओलांडायची वाट बघण्यात काकांच्या डोक्यावरचे केस गेले होते आणि उरले होते ते पिकले होते.

टेपकाका हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोजायची टेप त्यांच्या गळ्यात कायम असायची, म्हणून पडलेलं. कामावर टेप, बाजारात टेप, मेव्हण्याच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा सगळ्यांच्या गळ्यात हार आणि ह्यांच्या गळ्यात टेप. काकूंनी तो फोटो म्हणूनच बाहेरच्या खोलीत न लावता आत कपाटामागे लावलाय.

आता तुम्ही म्हणाल, सुपरवायझर होऊन असं काय मिळणार होतं? पगार थोडा वाढणार होता, नाही असं नाही. पण काकांचा खरा जीव होता तो त्या खुर्चीत. कटरला बसून काम करता येत नाही. कापडाचे थरावर थर, त्यावर खडूच्या रेघा आणि हातात किलोभर वजनाची कात्री; दिवसभर वाकून उभं राहायचं. काकांचे पाय संध्याकाळपर्यंत इतके सुजत, की घरी आल्यावर बूट काढायला काकू खाली बसायच्या आणि काका दाराची चौकट धरायचे. मग गरम पाण्याचा टब, त्यात मीठ, आणि काकूंची बडबड. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, की आता बसायचं काम बघा, नाहीतर पुढे उभं राहायचीच पंचाईत होईल. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला. मशीनवाल्यांचे पाय बसूनही चालूच असतात; स्वस्थ बसायची जागा सगळ्या कारखान्यात दोनच, एक मालकांची आणि दुसरी सुपरवायझरची, आणि मालकांची रिकामी व्हायचं काही लक्षण नव्हतं.

त्यात जुने सुपरवायझर निवृत्त झाले. मॅनेजर एकदा जाता जाता म्हणाले होते, "आता तुमच्याशिवाय आहे कोण?" मॅनेजर हा भला माणूस, पण भल्या माणसाच्या शब्दावर घर बांधू नये, हे काकांना कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं.

ह्या कारखान्यात एक जुनी रीत होती. सुपरवायझरला राखाडी कोट असे, आणि नवा सुपरवायझर ठरला की त्याचा कोट आपल्याच हॉलमध्ये, गुपचूप शिवला जाई. नाव कुणाला सांगायचं नाही. मग ठरलेल्या दिवशी मशीनं बंद करून मालक स्वतः तो कोट त्या माणसाच्या अंगावर चढवत. तर एके दिवशी मॅनेजर कटिंगच्या टेबलापाशी आले, इकडंतिकडं बघितलं आणि काकांच्या कानाशी लागून मापं सांगितली. छाती छत्तीस, कंबर तीस, बाही पंचवीस. राखाडी ताग्यातला हा शेवटचा तुकडा आहे, तेव्हा जपून कापा, असंही म्हणाले. बोलताना ते काकांच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. काकांना वाटलं, बिचाऱ्याला हसू आवरत नाहीय.

आता काकांची छाती होती बेचाळीस. कंबर विचारू नका. दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच ओळखलं असतं, की हा कोट आपला नव्हे. पण काका कात्री हातात धरून उभे राहिले आणि एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छत्तीस-तीस! अहो, ही तर त्यांचीच मापं! नोकरीला लागले तेव्हाची! तेव्हा सगळ्या कामगारांची मापं घेऊन ठेवायची पद्धत होती, आणि काका तेव्हा इतके बारीक होते, की जुने कटर त्यांना हँगर म्हणायचे. मॅनेजरनं कुठून तरी ती जुनी मापं शोधून काढली होती. नाव फोडायचं नाही म्हणून समोरासमोर माप घेता येईना, तेव्हा एवढी खटपट. काकांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत आपल्याला कुणी मोजून ठेवलंय, हेच त्यांना माहीत नव्हतं.

राहता राहिली बाही. काकांचा हात बावीस इंच आणि सांगितलेली बाही पंचवीस. वयानं माणसाचं पोट सुटतं हे कबूल, पण हात काही आखडत नाहीत. खरं तर इथं काकांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, आणि चुकचुकलीही असेल. पण त्यांनी तिला हाकलून दिलं. मॅनेजरला बाहीतलं काय कळतंय, म्हणाले. त्यांचे स्वतःचे शर्ट बघा, बोटांपर्यंत येतात.

झालं. जुन्या मापाचा कोट मालकांनी भर सभेत आपल्या अंगावर चढवायला घेतला आणि तो कोपरातच अडकला तर काय शोभा होईल? तेव्हा मॅनेजरची चूक गुपचूप सुधारायची, असं काकांनी ठरवलं. पण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेला, तरी आपल्याच पाठीवर टेप धरायला दुसरं माणूस लागतं. त्या संध्याकाळी त्यांनी गळ्यातली टेप काढून काकूंच्या हातात दिली. काकूंनी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला.

मग सगळा उलगडा झाला आणि काकू टेप हातात घेऊन नुसत्या बसूनच राहिल्या. थोड्या वेळानं उठल्या आणि माप घ्यायला लागल्या. पोटाशी आल्यावर म्हणाल्या, अजून दोन इंच वाढवा, आता खुर्चीत बसणार, पोट आणखी सुटणार. चष्मा सारखा कुठंतरी विसरता, तेव्हा आतल्या बाजूला चष्म्याचा एक खिसा करा. खांद्यावर आल्या तेव्हा मात्र थांबल्या. काकांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दीड इंच खाली होता. टेबलावर वाकून, डाव्या हातानं कापड दाबून धरायचं आणि उजव्यानं कापायचं. खांद्यानं तेवढ्या वर्षांत आपली वेगळी वाट धरली होती.

"हा कधी एवढा खाली आला?" काकूंनी विचारलं.

"आला हळूहळू. कामावर सगळ्यांना माहितीय. लांबून पाठमोरा दिसलो तरी ओळखतात."

"मला कसं नाही दिसलं?"

"तुझ्यासमोर मी बसलेला असतो ना."

काकूंनी ते माप दोनदा घेतलं.

कोट काकांनी जीव ओतून कापला. डावा खांदा उतरता ठेवला, पण आतून पॅड असं बसवलं, की अंगावर घातल्यावर दोन्ही खांदे सरळ दिसावेत. आयुष्यात हजारो कोट कापले, ते सगळे साइजचे. लहान, मध्यम, मोठा. माणसाचा कोट हा पहिलाच. शिवलाही त्यांनीच, आणि शेवटी काजबटणांसाठी काजबाईकडे पाठवला. ही बाई काजाच्या मशीनवर बसायची, काकांच्याच वेळची, तोंडानं फटकळ आणि नजरेनं घार. तिनं कोट हातात घेतला, डावा खांदा बघितला आणि ओळखायचं ते ओळखलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या हॉलला कळलं, की वरून मापं आलीत ती टेपकाकांची.

गंमत बघा. लोकांना खात्री पटली ती काकांनी कापलेल्या कोटावरून. आणि लोक बघून हसायला लागले, पाणी पिताना आधी काकांना ग्लास पुढे करायला लागले, कुणी हळूच रजेचं विचारून ठेवलं, कुणी खिडकीजवळचं मशीन मागून ठेवलं, तेव्हा काकांची खात्री पटली, की वरूनच बातमी फुटली असणार. काकांनी खिडकीजवळचं मशीन तिघांना कबूल केलं. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि साहेब म्हणून ती लावून घ्यायची त्यांनी मनाशी नोंद केली.

काकूंनी इकडं घरी एक गादी शिवली. खुर्चीसाठी. निळ्या मखमली कापडाची, कडेनं गोट लावलेली. बसायची सवय नसलेल्या माणसाला नुसती खुर्ची बोचते, असं त्यांचं म्हणणं. ठरलेल्या दिवशी काका ती पिशवीत घालून लाजत लाजत कामावर गेले आणि पिशवी टेबलाखाली लपवायला लागले. काजबाईनं ती बरोबर बघितली. पिशवीत डोकावली, काकांकडे बघून मान हलवली आणि काका नको नको म्हणेपर्यंत केबिनमध्ये जाऊन गादी खुर्चीवर ठेवूनही आली. काचेतून ती निळी गादी हॉलभर दिसत होती.

मशीनं बंद झाली. मालक आले, मागे मॅनेजर, त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला कोट. मालकांचं भाषण दरवर्षीचंच होतं. हा कारखाना नाही, हे कुटुंब आहे, आपण सगळे एकाच घरातली माणसं आहोत. हे ऐकताना सगळे नेहमीसारखे माना डोलवत होते. काकांनी हळूच गळ्यातली टेप काढून खिशात ठेवली. कोट घालताना ती मधे आली असती. मालक म्हणाले, की ह्या जागेवर अगदी घरचा, आपला माणूस हवा, असं त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. काकांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"ये रे," मालक म्हणाले, आणि त्यांच्या मोटारीच्या ड्रायव्हरशेजारून मघाशीच उतरलेला, दाराशी घुटमळत उभा असलेला एक उंच, काटकुळा मुलगा आत आला. हा मालकीणबाईंचा भाचा. त्यानं आधी व्यायामशाळा काढली होती ती बुडाली, मग मोबाइलची कव्हरं विकली तीही अंगाशी आली. आता कारखान्यात आला होता. कुटुंब म्हणजे काय, हे मालक इतकी वर्षं सांगत होते. लोकांनीच नीट ऐकलं नव्हतं.

काकांचं पाऊल पुढे पडलेलं होतं. ते मागे घेतलं तर सगळ्यांना दिसणार, आणि तिथंच ठेवून उभं राहावं तर भर हॉलमध्ये माणूस एकटाच पुढे. तेव्हा ते खाली वाकले, जमिनीवरचा एक दोरा उचलला, नीट बघितला आणि तो बोटाला गुंडाळत परत रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्या शेजारच्या बाईनं मान दुसरीकडे वळवली.

इकडं मालकांनी कागद सोडला आणि भाच्याच्या अंगावर कोट चढवला. काय सांगावं! पोटाशी त्यात आणखी एक भाचा मावला असता. बाह्या मनगटाच्या चांगल्या वर राहिल्या. आणि डावा खांदा कापडाच्या मनानं खाली चालला होता, आणि आतल्या पॅडमुळं वर फुगत होता. पोराच्या खांद्यावर कुणीतरी मांजर बसवल्यासारखं दिसत होतं. मालकांनी कोट पुढून ओढला, मागून ओढला. पोरगाही मदत म्हणून पोट फुगवून बघत होता.

कुणी हसलं नाही. बाहेरच्या माणसाला तिथं नुसता एक बिघडलेला कोट दिसला असता. पण तो हॉल शिवणाऱ्या लोकांचा होता. ते पोट कुणाचं, तो आखूड हात कुणाचा, तो खांदा कुणाचा, हे त्यांना वाचता येत होतं. आणि आता हेही कळलं होतं, की ही मापं वरून आलेलीच नव्हती. ती काकांनी आपल्या मनानं घातली होती. एकेक डोकं कोटावरून काकांकडे वळलं आणि घाईघाईनं खाली झालं. काकांना वाटलं, आपल्याला भर हॉलमध्ये उघडं केलंय, आणि कपडे मात्र दुसऱ्याच्या अंगावर आहेत.

"कोणी कापला हा?" मालकांनी विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"मापं चुकीची मिळाली का?"

मॅनेजरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना काय घडलं ते तेवढ्यात कळलं होतं. ते काहीतरी बोलायला पुढे सरकलेही. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. एक वाक्य बोललं असतं तर काकांच्या कात्रीची अब्रू राहिली असती. पण ते वाक्य होतं, 'मला वाटलं, कोट माझाच आहे.' अर्धं आयुष्य कापलेल्या कापडाची शपथ, ते वाक्य काकांच्या तोंडून निघणार नव्हतं.

"मापं बरोबर होती," ते म्हणाले. "कापताना चुकलो."

मालक मॅनेजरकडे वळले. आवाज खाली होता, पण मशीनं बंद असली की त्या हॉलमध्ये सुई पडलेली ऐकू येते.

"आणि ह्यांच्यासाठी तुम्ही माझ्याकडे शब्द टाकत होतात? बरं झालं, नाही ऐकलं ते."

मॅनेजरांनी शब्द टाकला होता, हे काकांना तेव्हा कळलं. बिचाऱ्यांनी खरंच टाकला होता. आणि तो कसा फुकट होता, ह्याचा पुरावा काकांनी स्वतःच्या हातानं, जीव ओतून, काजबटणांसकट शिवून दिला होता. आपल्यावर अन्याय झाला असं म्हणायचीसुद्धा आता सोय राहिली नव्हती, आणि तेच काकांना सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळच्या आत कोट दुरुस्त करून द्या, असा हुकूम सुटला. तागा संपलेला, तेव्हा नवा कापायचा प्रश्नच नव्हता. साहेब, म्हणजे भाचा, तोवर केबिनमध्ये जाऊन बसले. बसल्या बसल्या खालची गादी चाचपून बघितली, खूश झाले, खुर्ची एक गरका फिरवली. काजबाई ताडकन उठली आणि गादी ओढून आणायला निघाली. काकांनी तिला हातानं थांबवलं. काय म्हणून मागायची ती? ज्याची गादी त्याला जागा नाही, आणि ज्याला जागा आहे त्याला गादी कुणाची ते माहीत नाही. राहू दे, म्हणाले.

दुपारी भाचा ट्रायलसाठी कटिंगच्या टेबलापाशी आला. पोरगा तसा वाईट नव्हता. खाली मान घालून उभा राहिला, हात वर करा म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. काकांनी टेप काढून त्याच्या छातीला लावली. छत्तीस. कंबर तीस. बाही बरोबर पंचवीस. मॅनेजरनं एक सूतभरही चुकीचं सांगितलं नव्हतं.

"माझा एक खांदा तिरका आहे का हो?" त्यानं घाबरत विचारलं. "कोट घातल्यावर तसं वाटत होतं."

"नाही. तुमचे खांदे सरळ आहेत. अजून कशावर वाकले नाहीत."

त्यानं कोटाची आतली बाजू उलटून दाखवली. "आणि हा खिसा कसला आहे? लांबट?"

"चष्म्याचा."

"मला चष्मा नाहीय."

"लागेल," काका म्हणाले. "असू दे."

त्यानं काकांच्या नाकावर आलेल्या चष्म्याकडे बघितलं. मग पोटाकडे. मग डाव्या खांद्याकडे. शिवणकामातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तो हळूहळू लाल होत गेला. म्हणाला, "काका, तुम्ही बसा ना जरा." आणि बसायला काय द्यावं म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं. कटिंगच्या टेबलाशी बसायला काही नसतं, हे त्याला तेव्हाच कळलं. मग तोही तसाच उभा राहिला.

काकांनी कोट उसवला. पोटाचं कापड दोन्ही बाजूंनी काढून टाकलं, पॅड काढलं, डावा खांदा वर घेतला. बाह्या वाढवायला कापड नव्हतं. तेव्हा पोटातून निघालेल्या कापडाच्या दोन रुंद पट्ट्या कापून बाह्यांच्या टोकांना लावल्या. काकांच्या पोटातून साहेबांचे हात पूर्ण झाले. संध्याकाळी मालकांनी कोट बघितला आणि फार खूश झाले. बाहीची पट्टी तर त्यांना इतकी आवडली, की हॉटेलवाल्यांच्या कोटांनाही ती लावा म्हणाले. वर म्हणाले, "बघा, पहिल्याच दिवशी फरक पडला. सकाळी काय दशा होती कोटाची! वरती आपला माणूस बसला की खालची माणसं नीट काम करतात." खालचा माणूस टेबल आवरत होता.

घरी जाताना काकांनी ठरवलं होतं, की जे झालं ते दारातच सांगून टाकायचं. पण काकूंनी दार उघडलं ते तोंडभर हसूनच. त्यांनी केसही नीट विंचरले होते. काकांचा धीर सुटला. त्यांनी बूट काढायला चौकटीला हात लावला, आठवण होऊन काढून घेतला, आणि एकट्यानंच बूट ओढत म्हणाले, की खुर्ची छान आहे. फिरते. मागं टेकलं की थोडी मागं जाते. गादी सगळ्यांना आवडली, कुठून आणली म्हणून विचारत होते. कोट मालकांनी स्वतः घातला. बाही जरा वेगळ्या पद्धतीची झाली, पण तीच त्यांना जास्त आवडली. बोलताना काकांच्या लक्षात आलं, की ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि त्यांना आणखीच वाईट वाटलं.

काकू ऐकत होत्या. मधेमधे "हो का", "वा" म्हणत होत्या. मग आत गेल्या आणि गरम पाण्याचा टब घेऊन आल्या. मीठ घालून तयार होता.

"हे कशाला?" काका म्हणाले. "आज मी दिवसभर बसून होतो."

"असू दे. पाणी तापलंय, वाया कशाला घालवायचं?"

काकांनी पाय पाण्यात सोडले. सुजून घोटे दिसेनासे झाले होते. थोडा वेळ दोघंही त्या पायांकडेच बघत बसली.

"काजबाई आली होती?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"दारातून आत आलात तेव्हाच. बूट निघत नव्हता." काकू खाली बसून त्यांचे घोटे चोळायला लागल्या. "टेप तुमच्याकडे आहे म्हणून काय झालं? माप मलाही कळतं."

काकांना मग रडू आलं. पुरुषमाणसानं असं रडू नये वगैरे सगळं ठीक, पण पाय पाण्यात असले की उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. काकू घोटे चोळत राहिल्या. रडता रडता काकांनी सगळं सांगितलं. पाऊल, दोरा, खांद्यावरचं मांजर, ते न बोललेलं वाक्य. मग त्यांनी पिशवी ओढली आणि आतून राखाडी कापडाचे दोन तुकडे काढून काकूंच्या हातात ठेवले.

"हे काय?"

"माझं पोट. साहेबांना नको होतं."

काकूंनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही. त्या हसल्या तसे काकाही हसले, आणि हसता हसता काकूंनाच रडू फुटलं. दोन इंच त्यांनीच वाढवले होते. खिसाही त्यांनीच सांगितला होता. त्या म्हणाल्या, चूक माझीही आहे. काका म्हणाले, तुझी कसली, सांगितलेलं माप सोडून कापलं ते मी. ह्यावर त्यांचं थोडं भांडणही झालं.

पाणी कोमट झालं तशा काकूंनी त्यातला एक तुकडा घेऊन काकांचे पाय पुसायला सुरुवात केली. कापड घट्ट विणीचं, कडक. पाणी टिपेचना, नुसतं इकडून तिकडं सरकवत होतं. काकूंनी तो बाजूला फेकला आणि दोरीवरचा जुना टॉवेल ओढला.

"गादी तिथंच राहिली असेल," त्या म्हणाल्या.

"राहिली."

"बसू दे त्याला. पोर काटकुळं आहे म्हणता, नुसती खुर्ची बोचली असती." दुसरा पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतला. "आणि पुन्हा कधी असा कोट कापायला आला, तर विचाराल का, कुणाचा आहे म्हणून?"

काकांनी खिशातली टेप काढली, दोन्ही हातांनी सरळ केली आणि गळ्यात घातली.

"विचारायचं कशाला?" ते म्हणाले. "आधी बाही बघीन."